सगळे म्हंतेत

१

धरमसिंगच्या वावरातली कपाशी रात्रीतून कोणीतरी उपटून टाकली, आणि ऊन चढायच्या आत कारेगव्हाणला गुन्हेगार सापडलाही. या गावात हरवलेली शेळीसुद्धा कधी एवढ्या लवकर सापडली नव्हती.

बसंतीबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून बघत होती. गावाची आणि त्याला लागून असलेल्या बंजारा तांड्याची ती पोलीस पाटील. बाई म्हणून तिला कोणी मोजत नसे आणि पाटील म्हणून टाळता येत नसे, अशी तिची गत. धरमसिंग तिचा चुलत दीर. तो वावराच्या मधोमध खाली मान घालून बसला होता आणि त्याची बायको सुखीबाई कपाळ बडवून घेत होती.

वावर साधं नव्हतं. कपाशीनं सगळ्या जिल्ह्याला रडवलं ती ही वर्षं. जो उठेल तो नवं बियाणं घेऊन येई. अशाच एका कंपनीचा हा दाखवायचा प्लॉट. 'सुवर्णधारा' कपाशी, हिला अळी लागतच नाही, असा डंका. पुसदच्या रस्त्यावर मोठा बोर्ड होता. त्यावर पागोटं बांधलेला धरमसिंग पांढऱ्याशुभ्र कापसात उभा राहून हसत होता. उद्या या वावरात शेतीदिन होता, पंचक्रोशीतले शेतकरी कपाशी डोळ्यांनी बघायला येणार होते. आता बघायला उरले होते ते उपटलेल्या झाडांचे ढीग.

नाही म्हणायला उगवतीच्या कोपऱ्यात चार-पाच झाडं उभी होती. त्यांच्यापुढची जमीन शेणानं सारवलेली, वर खडे मांडलेले. बसंतीबाईनं ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण तेवढ्यात तांड्याचा नायक भावसिंग हात उंच करून आला. हातात निळा दुपट्टा होता.

"धुऱ्यावर सापडला. आता सांगा, कोणाचा असंन?"

सांगायची गरज नव्हती. निळा म्हणजे बौद्ध वस्ती, आणि वस्तीत या बियाण्याविरुद्ध बोलणारा एकच, अश्वजित. कंपनीच्या प्रत्येक सभेत उभा राहून तो प्रश्न विचारायचा. उत्तर न देणाऱ्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याचाच लोकांना जास्त राग येतो, ही जगाची रीत.

बसंतीबाईनं दुपट्टा ताब्यात घेतला आणि वावरातूनच निघून, मिळाली ती पहिली जीप धरून, पुसदच्या ठाण्याला वर्दी द्यायला गेली. वाटेत फाट्यावर कंपनीची भोंगा लावलेली गाडी उभी होती. भोवती ही गर्दी. बाजाच्या तालावर पुसदच्या एका गाणाऱ्या बाईचा गोड, रडवेला आवाज टेपवरून येत होता. ज्यानं कपाशी उपटली, त्यानं आपलं भविष्य उपटलं. विकासाच्या दुश्मनाला ओळखा.

ठाण्यात पोचली तर ठाणेदारानं तिचं ऐकूनही घेतलं नाही. "माहीत आहे बाई. फोन आला होता. आमची गाडी गेलीसुद्धा."

ती परतली तेव्हा पोलीस अश्वजितला घेऊन गेले होते, आणि त्याच्या घराच्या कवेलूंवर दगड पडत होते.

२

दगड तिनं थांबवले. काय बोलून थांबवले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अश्वजितची आई तुळसाबाई फुटक्या कवेलूंचे तुकडे पदरात गोळा करत होती. "पोट्टा रातभर घरी होता बाई. पण मायच्या साक्षीले कोण इचारते?"

"मी इचारून राह्यली ना."

"तुमी इचारानं काय होते? उद्या त्याले कोर्टात नेतेत. अन् नायकानं सांगतलं, वस्तीनं आता तांड्याकडच्या विहिरीवर यायचं नाई."

म्हणजे एक पोरगा आत जाणार आणि सगळी वस्ती तहानलेली राहणार. हे दोन्ही उद्यापर्यंत. बसंतीबाई कामाला लागली.

तिनं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. कोणं पाह्यलं? भावसिंग नायक म्हणाला, "पाहाची काय गरज? सगळ्यायले मालूम हाये." गिरणीवाल्याला नायकाकडून मालूम होतं. नायकाच्या सालदाराला गिरणीवाल्याकडून. आणि नायकाला स्वतःला कोणाकडून, तर सालदाराकडून. घाण्याच्या बैलासारखी ती गोष्ट गोल गोल फिरत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण पुढे चाललो आहोत.

नायकाचा मुलगा प्रेम आला, तोच कंपनीचा प्रचारक. शेतकी शिकलेला. पुसदला पँट आणि काळा चष्मा घालणारा हा गडी सभेत मात्र धोतर नेसून, पागोटं बांधून उभा राहायचा. मी तुमच्यातलाच, असं म्हणायला कपडे बदलावे लागतात ते माणूस आपल्यातलं कसलं, असं बसंतीबाईला नेहमी वाटे.

"काकी, लोकायचा संताप हाये," तो म्हणाला. "मी तं सगळ्यायले शांत राहा म्हणून राह्यलो."

"अन् भोंगा कायले लावला मंग?"

"ते कंपनीचं काम. आज सकाळीच कॅसेट भरली." एवढं बोलून तो मोटारसायकलवर बसला.

शेवटी म्हातारी रुखमाबाई भेटली. अंगणात ज्वारी पाखडत होती. विचारल्याबरोबर म्हणाली, "ज्यानं कपाशी उपटली, त्यानं आपलं भविष्य उपटलं."

"भविष्य म्हंजे काय वं बुढे?"

"मले काय मालूम? सगळे म्हंतेत."

म्हणता म्हणता तिचं सूप एका तालात हलत होतं. ताल ओळखीचा होता. फाट्यावरच्या भोंग्यातला तो बाजा. बसंतीबाई जागच्या जागी थांबली. ताजी बातमी सांगायला माणसाचं तोंड पुरतं. तिला बाजा, पेटी आणि पुसदची गाणारी बाई लावायला वेळ लागतो. वावरातून थेट निघालेल्या बसंतीबाईच्या आधी ती टेप फाट्यावर वाजत होती. मग ती भरली केव्हा?

३

कोठडीत अश्वजित भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटला होता. बसंतीबाईला बघून उठायला गेला, तिनं बस म्हटलं.

"दुपट्टा तुझा?"

त्यानं हातात घेऊन पाहिला. "मावशी, घड्या पाहा याच्या. दुकानातून आणला तवापासून कोणाच्या खांद्यावर पडला नाई हा. पण तुमी म्हणा, हा ठेवला कायले? चोर सापडावा म्हणून नाई. पाहाणाऱ्याले राग यावा म्हणून. राग आला का मानूस घड्या पाहत नाई."

"तू सभेत काय बोलतोस रे असं, की एवढं तुझ्यावर यावं?"

"दुसरं काय, इचारतो. बोर्डावर धरमकाका कापसात उभा हाये, त्याच्या मांगं विहिरीचं इंजन दिसते. काकाचं वावर कोरडवाहू. मंग फोटो कोणाच्या वावरात काढला? कंपनी म्हंते, सगळ्या जिल्ह्यानं हे बियाणं घेतलं, तुमीच मांगं राह्यले. सगळ्यायनं घेतलं म्हंजे चांगलं झालं काय? कंपनी म्हंते, नाई घेतलं तं पुढल्या साली अळी तुमचं घर खाईन. आधी भेव दाखवाचं, मंग भेवावरची दवा इकाची. अन् याच्यावर कोणी बोललं, तं त्याचं बोलणं खोडाचं नाई, त्याले फक्त नाव ठेवाचं. इकासाचा दुश्मन. नाव ठेवलं का पुढं कोणी ऐकत नाई."

"हे तुले कोणं शिकवलं?"

"वस्तीत जलमलेल्याले हे शिकवा लागत नाई, मावशी. आमाले तं पिढ्यान् पिढ्या नावंच ठेवलेत." त्यानं दुपट्टा तिला परत दिला. "पण एक सांगू? मी उपटीन कशाले? मले तं तो प्लॉट उभा पायजे होता. उद्या सगळ्यायसमोर दहा बोंडं फोडून दाखवणार होतो मी. तसं प्रेमलेच सांगतलं होतं सभेत. प्लॉट गेला त्याच्यानं कंपनी नाई बुडाली, मावशी. माझा पुरावा बुडाला."

बसंतीबाई ठाण्याच्या पायऱ्या उतरली आणि अर्ध्यात थबकली. सकाळचे ते ढीग तिच्या डोळ्यांपुढे आले. काड्या होत्या, पानं होती. त्या झाडांवर एक तरी बोंड होतं का?

४

एकही नव्हतं. वावरात जाऊन तिनं ढिगामागून ढीग उलथून पाहिला. बोंडं देठापासून ताजी तोडलेली. चिडलेला माणूस झाड उपटतो आणि फेकतो; तो बसून बोंडं खुडत नाही. आणि खुडलेली बोंडं पोतं भरून घेऊन जायला गाडी लागते.

सुखीबाई अजून धुऱ्यावरच होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बसंतीबाई तिच्याजवळ टेकली. दोघी जावा, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. गोरबोलीत, आपल्या तांड्याच्या बोलीत, बोलू लागल्या की जुन्या मैत्रिणी होऊन जात.

"सुखी, त्या कोपऱ्यात काय वं मांडलं होतं?"

"सीतादही, बाई. उद्या करणार होतो ना."

तांड्यानं बैलांवरची वाहतूक सोडून शेती धरली, तेव्हा गावच्या कुणब्यांकडून ही रीतही धरली. कपाशीची पहिली वेचणी करायच्या आधी वावराच्या एका कोपऱ्यात सारवून, खडे मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. घरच्या लक्ष्मीनं तिथली पहिली बोंडं वेचायची. ती वेचेपर्यंत त्या कोपऱ्याला कोणाचा हात लागला तर कापसाची बरकत जाते.

"केव्हा सारवलं?"

"काल सांजच्याले. दिवस मावळून राह्यला होता. मी अन् तुझे दीर, दोघंच. वावरात दुसरं कोणी चिटपाखरू नोतं."

"मंग अंधारात उपटणाऱ्यानं तो कोपरा कसा सोडला? खडासुद्धा हलला नाई."

सुखीबाई ताठ झाली. तिला त्यात अभिमानच वाटला. "देवाचं होतं, वाचलं. आमच्या घरचं मानूस सीतादहीच्या आधी त्या कोपऱ्याले हात..."

आणि बोलता बोलता ती थांबली.

 मग बसंतीबाई उठून कोपऱ्यात गेली. मनात माफी मागून तिनं एक हिरवं बोंड तोडलं आणि नखानं फोडलं. आत सरकी कुरतडलेली होती आणि अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, त्यातही तेच. अळी लागतच नाही ते हे बियाणं. सगळं वावर असंच असणार, आणि उद्या पंचक्रोशी ते बघायला येणार होती.

का उपटलं ते कळलं. कोणी उपटलं तेही कळलं. आता वस्तीला वाचवायचं तर स्वतःच्या दिराला सगळ्यांपुढे उभं करायचं होतं. धुऱ्यावर सुखीबाई तिच्याकडे बघत बसली होती. तिनं हाक मारली नाही आणि बसंतीबाईनंही मागं वळून पाहिलं नाही.

५

संध्याकाळी तांड्यातल्या देवळाच्या ओट्यापुढे सगळे जमले. वस्तीतले लोक लांब, लिंबाखाली. बसंतीबाईनं ठाण्याच्या जमादाराला बोलावून घेतलं होतं. तिनं आधी बोंडं मधोमध ठेवली, मग दुपट्टा.

"सकाळपासून तुमी सगळे एकच गोष्ट सांगून राह्यले. मी इचारलं कोणं पाह्यलं, तं सगळे म्हंतेत. आता माझं ऐका. भोंग्यावरची टेप मी फाट्यावर ऐकली. मी तं वावरातून थेट गेलती. माझ्याआधी तिथं बातमी कशी पोचली, अन् तेबी बाजा लावून? प्रेम म्हंते सकाळी भरली. सकाळी पुसदची गाणारी बाई झोपेतून उठली असंन काय? टेप आधी भरली. कपाशी मांगून उपटली."

 प्रेमनं चष्मा काढून पुसला.

"अश्वजितले प्लॉट उभा पायजे होता. तो आडवा कोणाले पायजे होता? ज्याले उद्या ही अळी लपवाची होती त्याले. म्हणून बोंडं खुडली अन् गाडीत टाकून नेली. हा दुपट्टा आजपर्यंत कोणी खांद्यावर घेतला नाई, घड्या पाहा. एवढं सगळं गणित पक्कं केलं, पण उपटणाऱ्याचा हात एका जागी अडला. सीतादहीच्या कोपऱ्यापाशी. बाहेरच्याले अंधारात तो दिसला नसता. आतल्याले दिसाची गरज नोती." ती दिराकडे वळली. "धरमभाऊ, तुमीच सांगा."

धरमसिंग उठला. बोर्डावरच्या माणसापेक्षा हा माणूस कितीतरी लहान दिसत होता.

"प्रेम आलता," तो म्हणाला. "म्हणे, काका, उद्या लोकं अळी पाहतीन अन् तुमच्या फोटोवर थुकतीन. दोघायनं मिळून रातीच उपटलं. मी कवा पुसदले गेलो तं लोकं बोट दाखवत, हा तो बोर्डावरचा धरमसिंग. चहा पाजत. मले सवय लागलती, बाई. मीबी तो बोर्ड खरा समजून राह्यलो होतो." त्यानं हात जोडले. "वस्तीच्या पोराचं नाव घेतीन हे मले मालूम नोतं. सकाळी मालूम झालं, तं तोंड उघडलं नाई."

आता लोक प्रेमवर तुटून पडतील, असं बसंतीबाईला वाटलं. वाटणारच, ती दिवसभर पुरावे गोळा करत होती.

प्रेम शांतपणे ओट्यावर चढला. "ऐकलं ना? कंपनीनं इस्वास ठेवला, बियाणं देलं, मान देला. अन् आपल्याच मानसानं दगा केला. फवारणी बरोबर नाई केली म्हणून अळी लागली याच्या वावरात. मंग भेला अन् उपटलं. वरतून मले गुंतवते. मी तं तुमच्यातलाच पोट्टा. तुमच्याबी वावरात सुवर्णधाराच हाये ना? तुमच्या वावरात हाये काय अळी?"

इथं त्यानं नेम बरोबर धरला. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या वावरात तेच बियाणं होतं. बसंतीबाई खरी असेल, तर त्यांचं वर्ष गेलं होतं. प्रेम खरा असेल, तर फक्त धरमसिंगचं गेलं होतं. माणूस कोणतं खरं उचलेल, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"नाई," गिरणीवाला म्हणाला. "आमच्यात नाई."

"नाई," सालदार म्हणाला.

मग सगळेच म्हणाले. जमादारानं धरमसिंगचा जबाब घेतला. टेपचं काय, असं बसंतीबाईनं दोनदा विचारलं. जमादार म्हणाला, बाई, टेप वाजवणं हा काही गुन्हा नाही. त्या संध्याकाळी आपल्या वावरात जाऊन एकानंही एक बोंड फोडून पाहिलं नाही.

६

अश्वजित सुटला. गावानं तो निर्दोष आहे असं म्हटलं नाही. सुटला एवढंच म्हटलं. विहिरीची वाट उघडली, पण वस्तीच्या बायका पाण्याला आल्या की तांड्याच्या बायका बादल्या उचलून बाजूला होत. कंपनीच्या प्लॉटचं नुकसान केलं म्हणून धरमसिंग कोठडीत गेला आणि पुसदच्या रस्त्यावरच्या बोर्डावर दुसऱ्या कोणाचा तरी हसरा फोटो लागला. भोंग्याच्या गाडीला नवी कॅसेट भरायचीही गरज पडली नाही. जुन्यात कोणाचं नावच नव्हतं.

आता दगड सुखीबाईच्या घरावर पडू लागले.

दिवे लागायच्या वेळी बसंतीबाई भाकरी घेऊन गेली. दार उघडलं नाही. आतून सुखीबाईचा आवाज आला.

"बाई, धुऱ्यावर तू माझ्याजवळ बसली. मले वाटलं जाऊ बसली. पण बसलती पाटील."

"सुखी, वस्तीतलं निर्दोष पोट्टं आत जात होतं."

"मंग तसं सांगून इचाराचं होतं. मी तरीबी खरंच सांगतलं असतं. पण मंग ते मी सांगतलं असतं. तू माझ्या तोंडातून काढून नेलं."

 बसंतीबाई भाकरी बाजूला ठेवून दारापुढच्या ओट्यावर बसून राहिली. पोलीस पाटील बसली आहे म्हटल्यावर दगड मारणारा दोनदा विचार करील, एवढाच हिशेब. थोड्या वेळानं अश्वजित आला. ओठाला अजून सूज होती. तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. ज्या घरामुळे तो कोठडीत गेला, ते घर राखायला बसला. बसंतीबाईला त्या पोराचा फार अभिमान वाटला, आणि आपल्या तांड्याची लाज वाटली. येणारे जाणारे थांबून बघत आणि पुढे जात. त्या रात्री दगड आला नाही.

दगडाऐवजी सकाळी गोष्ट आली. पोलीस पाटील आणि वस्तीचा पोट्टा पहिल्यापासून मिळालेले होते. उगाच काय एका ओट्यावर बसतील? धरमसिंगला दोघांनी मिळून फसवलं, कोपऱ्यातल्या बोंडांत अळ्या बाईनंच सोडल्या. नायकापासून सालदारापर्यंत आणि सालदारापासून नायकापर्यंत ती दुपारच्या आत फिरून आली.

आठवड्यात बसंतीबाईची पाटीलकी काढावी असा अर्ज पुसदला गेला. तिथल्या साहेबानं तिला बोलावून तो समोर सरकवला आणि म्हणाला, बघा बाई, सगळं गावच आहे. तिनं बघितलं. खाली सह्या होत्या, अंगठे होते. नावं तिनं वरून वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबली, कारण पहिला अंगठा सुखीबाईचा होता.